नाशिकहून पुण्याला बदली झाली आहे. ऑफिस हिंजवडीत, मुलं ३ आणि ६ वर्षांची. राहायला कुठला भाग बघावा?

आधी थोरल्याची शाळा ठरवा, मग तिच्या जवळपास घर बघा. लहान मुलाचा तासभर बसप्रवास मला तरी पटत नाही; त्यापेक्षा मोठ्यांनी लांब जावं. वाकड, पिंपळे सौदागर, बाणेर हे तिन्ही भाग बघण्यासारखे आहेत. वाकड ऑफिसला सगळ्यात जवळ, पण तिथल्या पुलाखालची सकाळची कोंडी एकदा नऊच्या सुमारास स्वतः अनुभवा.

सोसायटी मात्र संध्याकाळी सहा-सातला बघायला जा. एजंट दुपारी नेतो, तेव्हा आवार रिकामंच असतं. मुलं खाली खेळतात की पार्किंगमध्ये गाड्या चुकवत सायकल फिरवतात? आज्या-आजोबा बाकांवर बसलेले दिसतात का? दोन-चार आयांशी सरळ बोला. पाळणाघर, बालरोगतज्ज्ञ, कामाच्या मावशी, सगळं तिथेच कळतं. आणि वॉचमनला विचारा, एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर येतात. वाकड आणि पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडमध्ये येतात; तिथे २०१९ पासून पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे टाकी केवढी आहे हेही विचारा.

पहिले ११ महिने भाड्यानेच राहा. घर विकत घेण्याची घाई नको.