बायरॅड्स ४ए म्हणजे चौथी स्टेज नव्हे

"मॅडम, चौथी स्टेज निघाली हो," खुर्चीत टेकायच्या आधीच बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्तनांची मॅमोग्राफी (एक्स-रे तपासणी) झाली, पुन्हा बोलावून सोनोग्राफी केली आणि हातात रिपोर्ट पडला. त्यात 'बायरॅड्स ४ए'खाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या. गाठीचा आकार, कडा, काखेतल्या ग्रंथी नॉर्मल असल्याची ओळ, यातलं काहीच वाचलं गेलं नव्हतं. दिसला तो फक्त ४.

हा गैरसमज मला वारंवार भेटतो. स्टेज ठरते ती कर्करोग सिद्ध झाल्यावर. बायरॅड्सचा आकडा सांगतो, की चित्र पाहून रेडिऑलॉजिस्टना किती शंका आली. ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासा. ३ म्हणजे बहुधा साधी गाठ. कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या आत, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ४ म्हणजे शंका आहे, गाठीचा तुकडा काढून तपासा, म्हणजेच बायोप्सी करा. त्यातही ४ए सगळ्यात कमी शंकेचा: २ ते १० टक्के. म्हणजे असा रिपोर्ट आलेल्या शंभरजणींपैकी नव्वद किंवा जास्त जणींना कर्करोग नसतो.

"मग सहा महिने थांबू या की," मिस्टर लगेच म्हणाले. त्यांचा सुटकेचा श्वास मला कळत होता, पण ३ आणि ४ए यांत फरक इथेच आहे. ४एला बायोप्सी सुचवलेली असते. रातोरात धावपळ नको, पण महिनोन् महिने ढकलायचंही नाही.

बाई मात्र गप्प. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या मावशीला सुई टोचली आणि पसरलंच सगळं." ही भीती मी कधीच उडवून लावत नाही, कारण तिच्यामागे घरातलं माणूस गेलेलं असतं. मी विचारलं, मावशी दवाखान्यात कधी गेल्या? गाठ वर्षभर अंगावर काढल्यावर. रोग आधीच पुढे गेलेला असतो, सुई शेवटी येते आणि बोल तिच्यावर येतो. बायोप्सीच्या सुईमुळे कर्करोग शरीरभर पसरत नाही. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत गाठीचे बारीक तुकडे घेतात. त्याच दिवशी घरी जाता येतं.

मुलगा फोनवरून सांगत होता, "गाठच काढून टाका, कटकट नको." पण साधी गाठ असेल तर ऑपरेशन कदाचित लागणारच नाही, आणि कर्करोग असेल तर आधी औषधं की आधी ऑपरेशन, हे तुकड्याच्या तपासणीवर ठरतं. निदानाआधी कापायची घाई मला पटत नाही.

खरी अडचण शेवटी बाहेर आली. मुलीचं लग्न जमत आलं होतं. बातमी फुटली तर? हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. आजाराच्या शंकेपेक्षा लोकांची भीती मोठी. मी एवढंच म्हटलं, "कुणाला सांगायचं हे तुम्ही ठरवा. पण त्यापायी तपासणी अडवू नका."

मग डॉक्टरांना विचारायचं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं: रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे, ती बंद करायची का? तुकड्याचा रिपोर्ट सोनोग्राफीतल्या चित्राशी जुळला नाही तर पुढे काय?

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. चित्र संशयास्पद आणि तुकडा साधा आला, तर तेवढ्यावर निश्चिंत होत नाहीत, पुन्हा तपासतात.

बाईंनी पुढच्याच आठवड्यात बायोप्सी केली. फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाला, म्हणजे साधी गाठ, आणि ती चित्राशीही जुळली. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सोनोग्राफीला बोलावलंय. त्या वेळी जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्यायला मी सांगितलं आहे. मागचं चित्र शेजारी असलं, की गाठ वाढली की तशीच आहे हे तिथल्या तिथे कळतं.