पहिलं वर्ष, सातवीचा वर्ग आणि "मी या कामासाठी नाहीच का?"

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. नोकरीचा तिसरा महिना, सातवीचा वर्ग. सकाळचा तास इतका रंगतो की घंटा झालेली कळत नाही, आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीनंतर तीच मुलं तुम्हाला फळ्याकडे वळू देत नाहीत. रात्री बारापर्यंत वह्या. परवा एका मुलाने वही काढायला नकार दिला, तुम्ही त्याला उभं करून सगळ्यांसमोर बोललात, तो हसला, मागोमाग वर्ग हसला, आणि तुम्ही स्टाफरूममध्ये येऊन रडलात. "मी या कामासाठी नाहीच का?" असं विचारलंय तुम्ही.

मी अठरा वर्षं सहावी ते आठवीला गणित शिकवते आहे. त्या प्रश्नाचा निकाल आत्ता लावू नका, एवढं आधी सांगते. एलन मॉयर यांनी शेकडो नव्या शिक्षकांबरोबर काम करून पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले आहेत: आधी उत्सुकता, मग कसंबसं तगून राहणं, मग भ्रमनिरास, मग पुन्हा उभारी आणि शेवटी मागे वळून पाहणं. सहा ते आठ आठवडे सलग ताणात गेले की भ्रमनिरास सुरू होतो, असं त्यांचं निरीक्षण. तुमचे आठवडे मोजून बघा. माझ्या त्या आठवड्यांत मी राजीनामा लिहून कपाटात ठेवला होता. तो द्यायची वेळ आली नाही, पण तो लिहिताना मला जे वाटत होतं ते अजून आठवतं, म्हणून तुमचं रडणं मला समजतं.

आता त्या मुलाबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच्याबद्दलच.

डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली या वयाबद्दल एक फार नेमकी गोष्ट मांडली. वयात येणाऱ्या मुलांना सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. या न दिसणाऱ्या लोकांना त्यांनी 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. फुटलेला आवाज, कपाळावरची पुटकुळी, अचानक आखूड झालेली पँट, सगळ्याची लाज त्यातूनच येते. अशा मुलाला तुम्ही वर्गासमोर उभं केलंत की ते प्रेक्षक काल्पनिक राहत नाहीत. खरोखरच सगळे बघत असतात. मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: मान खाली घालायची, नाहीतर हसायचं. तो हसला. तुम्हाला हिणवायला नाही हो, स्वतःची अब्रू राखायला. सातवीतल्या मुलाला मित्रांसमोरच्या अब्रूपुढे शिक्षा काहीच वाटत नाही.

हे मला कळायला दुसरं वर्ष उजाडलं. आठवीतला एक मुलगा रोज बाकावर पट्टी आपटायचा. एकदा मी ती हिसकावून घेतली, चारचौघांत बोलले, तो उठून वर्गाबाहेर गेला. पुढे दोन आठवडे त्याने वही उघडली नाही. मग एक दिवस मुलं उदाहरणं सोडवत असताना मी बाकांमधून फिरत होते. त्याच्याजवळ थांबले. आदल्या महिन्यातलं अर्धवट सोडलेलं एक पान वहीतून डोकावत होतं. त्याच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, "इथपर्यंत बरोबर आहे तुझं," एवढंच हळू म्हटलं आणि लगेच पुढच्या बाकाकडे गेले. मुद्दाम मागे वळून पाहिलं नाही. फेरी मारून परत आले तेव्हा पट्टी दप्तरात गेली होती आणि तिसरी ओळ लिहिलेली होती. चुकली होती, पण लिहिली होती. यात बोलण्याइतकंच पुढे निघून जाणं महत्त्वाचं आहे. तुम्ही समोर उभ्या राहून वाट बघितली की त्याला पुन्हा हरण्या-जिंकण्याची वेळ येते. तुम्ही गेलात की ऐकणं त्याला सोपं जातं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सुट्टीनंतरच्या तासाला बोलून सुरुवात करू नका. मुलं वर्गात येण्याआधीच फळ्यावर तीन सोपे प्रश्न हवेत, आल्याआल्या लिहायला. गोंगाटावर आवाज चढवू नका, वर्गाचा आवाज तुमच्या आवाजाच्या वर जातो आणि घसा मात्र कायमचा बसतो. वह्यांबद्दल: रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण दिसले की शेरा वाया जातो. म्हणून रोजच्या वह्यांवर गुण नकोत, एकच ओळ लिहा, तीही रोज दहा-बारा वह्यांवर. बाकीच्या उद्या. रात्री दहानंतर लाल पेन बंद. झोप न झालेली बाई सकाळी लवकर चिडते, हे मी स्वतःवर पाहिलंय.

आणि तुमचा तो रंगलेला सकाळचा तास! त्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलंत, मला वाईट वाटलं. त्या दिवशी नेमकं काय केलंत ते आजच टाचणवहीत लिहून ठेवा. कारण वाईट तास आपोआप लक्षात राहतात, चांगले राहत नाहीत. माझा अंदाज आहे की त्या तासाला तुम्ही प्रश्न विचारून थांबला होता. मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंदांच्या वर थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काय ते फळ्यासमोर उभं राहिल्यावर कळतं, संपता संपत नाहीत. मी एकदा विचारलं, 2 ला 1/2 ने भागलं तर 4 कसे येतात, भागल्यावर संख्या वाढली कशी? गप्प. मनात पाचपर्यंत मोजलं. शेवटून दुसऱ्या बाकावरची, वर्षभर न बोललेली एक मुलगी म्हणाली, "दोन मीटर दोरीचे अर्ध्या मीटरचे तुकडे चारच होतील ना." सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ती लाजली, पण त्या दिवसानंतर तिचा हात वर येऊ लागला.

तर सोमवारी त्या मुलासाठी असं करा. तो वर्गात शिरताना दारातच, बाकीचे आत जात असताना, हळू म्हणा: "परवा मी सगळ्यांसमोर बोलले, ते माझं चुकलं. वही मात्र लागेल हं." उत्तराची वाट बघू नका, हजेरी घ्यायला आत जा. पहिल्या दिवशी तो वही काढणार नाही कदाचित. बुधवारपर्यंत धीर धरा, आणि काय झालं ते मला इथे कळवा.