उपवासाने डोळ्याच्या पडद्यातला कचरा साफ होतो का?

तुम्ही विचारलंय की आईला कोरडं मॅक्युलर डीजनरेशन (वयाबरोबर पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजण्याचा आजार) आहे, संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गोळी चालू आहे, तर ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच मोडके भाग गोळा करून पचवणं) वाढवायला रोज सोळा तास उपवास करावा का.

माझं मत: उपवास राहू द्या, आधी गोळीचा डोस तपासा.

पडद्यामागे त्याची देखभाल करणाऱ्या, आरपीई नावाच्या पेशींचा एकच थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या टोकांचा जवळजवळ दहावा भाग रोज झडतो आणि तो या पेशी गिळतात. त्या सहसा नव्याने तयार होत नाहीत. जन्मभर त्याच राबतात. गिळलेला माल आणि ऑटोफॅजीने गोळा केलेले स्वतःचे मोडके भाग, दोन्ही शेवटी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांमध्ये जातात. तिथे पीएच ५ च्या आसपास, म्हणजे आम्ल वातावरण लागतं, तरच पचन होतं. वयाबरोबर हे पचन मंदावतं, लिपोफसिन नावाचा अर्धवट पचलेला कचरा पेशीत साठतो आणि थराखाली ड्रुसेन नावाचे कचऱ्याचे पिवळसर ठिपके जमतात.

उपवासाने वाढते ती गोळा करण्याची सुरुवात. अडलेलं असतं शेवटच्या पायरीवर, पचनात. डेपोच तुंबलेला असेल तर घंटागाड्या वाढवून काय होणार? उपवासाने माणसांत हा आजार थांबतो, असं सिद्ध झालेलं नाही.

आता गोळी. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन लायसोसोममधली आम्लता कमी करतं, म्हणजे नेमकी तीच पायरी अडवतं. म्हणून दिवसाचा डोस प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवा. वजन ४८ किलो असेल तर मर्यादा २४० मिलिग्रॅम. रोज २०० च्या दोन गोळ्या म्हणजे किलोमागे ८ च्या वर. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) चालू असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत न्या. गोळी मनाने बंद मात्र करू नका, सांधे पेटतील. डोस संधिवाताच्या डॉक्टरांकडूनच बदलून घ्या.

ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि व्हिज्युअल फील्ड (नजरेच्या क्षेत्राची तपासणी) दरवर्षी करा. एरवी गोळी सुरू होऊन पाच वर्षं झाल्यावर वार्षिक तपासणी सुरू केली तरी पुरते, पण मॅक्युला आधीच बिघडलेला असताना इतकं थांबू नये. फक्त १०-२ फील्डवर, म्हणजे नजरेचा मधलाच भाग तपासणाऱ्या चाचणीवर भागवू नका. आशियाई रुग्णांत इजा बऱ्याचदा मध्यापासून लांब सुरू होते, तेव्हा जास्त रुंद भाग तपासणारी २४-२ किंवा ३०-२ सुद्धा मागा. जुने प्रिंट जपून ठेवा, कारण इजा झाल्यावर गोळी थांबवली तरी ती भरून येत नाही.

दाराची चौकट वाकडी दिसू लागली तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा. आजार ओल्या प्रकारात (पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून गळू लागतात तो) गेला असेल, तर त्यावर इंजेक्शनं आहेत.