मुलाला रिस्क नको म्हणून अर्धा एकर विकायचा?

नमस्कार भाऊसाहेब,

निफाड तालुक्यातून आलेलं तुमचं चार पानी पत्र मिळालं. वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. साडेतीन एकर द्राक्षबाग. थोरला मुलगा २३ वर्षांचा, नाशिकमधून मेकॅनिकलची पदवी, अंबडच्या एका कारखान्यात दीड वर्ष ट्रेनी, हातात अठरा हजार. त्याला नोकरी सोडून एका मित्राबरोबर फवारणीच्या ब्लोअरची फिरती दुरुस्ती सुरू करायची आहे आणि त्यासाठी चार लाख लागतील म्हणतो. तुमचं म्हणणं, त्याने पुण्याला जाऊन दोन वर्षं यूपीएससी-एमपीएससीचा क्लास लावावा. खर्चासाठी अर्धा एकर काढायचं ठरलंय, गिऱ्हाईकही पाहून झालंय. धाकटी बारावीला. आणि शेवटी तुम्ही लिहिता, "ताई, आम्ही जन्मभर रिस्क घेतली, त्याच्या नशिबी ती नको. तुम्हीच त्याला समजवा."

त्याच्याशी बोलेन, पण आधी तुमच्याशी बोलायचं आहे.

तुम्ही मुलाचे दहावीपासूनचे मार्क लिहिलेत. ते ठीक आहेत, त्यांचं काही करायचं नाही. मी थांबले ती दुसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी. "हा नाद सोडत नाही तोवर त्याच्या आईने रात्रीचं जेवण सोडलंय." भाऊसाहेब, हे आधी थांबवा. आज संध्याकाळी वहिनींना जेवायला बसवा, बाकीचं पत्र नंतर वाचा. आईचं रिकामं ताट समोर ठेवलं की कुठलाही मुलगा हो म्हणतो. तुमचाही म्हणेल. बॅग भरून पुण्याला जाईल, अभ्यासिकेत जागा धरेल आणि पूर्वपरीक्षेचा निकाल हुकला की घरी फोन करायला घाबरेल. कारण त्या निकालावर वीस गुंठे आणि आईची उपासमार असं दोन्ही टांगलेलं असेल. अशी मुलं माझ्याकडे येतात, वयाच्या एकोणतिसाव्या-तिसाव्या वर्षी. त्यांना विचारलं की तुला स्वतःला काय करायचं होतं, तर बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत बसतात. हुशारी कमी नसते. आपलं काय आणि घरच्यांचं काय, हेच त्यांना आता वेगळं काढता येत नाही.

तुमच्या पत्रात "आम्ही ठरवलं" पानोपानी आहे. मुलाचं वाक्य एकच, आणि तेही तुम्ही चेष्टेने उतरवलंय: "म्हणतो, पाऊस उघडला आणि ब्लोअर बंद पडला तर मेकॅनिक चार दिवसांनी येतो, तोवर बाग गेलेली असते." भाऊसाहेब, अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य हेच आहे. तुमच्या पोराने गरज ओळखलीय, गिऱ्हाईक ओळखलंय आणि ते गिऱ्हाईक कोणत्या दिवशी जास्त पैसे मोजेल हेसुद्धा ओळखलंय. पत्र लिहिताना तुम्हाला हसू आलं असेल, पण गेल्या हंगामात तुम्ही स्वतः मेकॅनिकला किती फोन लावले होते, ते आठवून पाहा.

आता तुमच्या रिस्कबद्दल. निफाडचा द्राक्ष बागायतदार मला म्हणतो की पोराला रिस्क नको, तेव्हा मला तुमच्याच बागेबद्दल बोलावं लागतं. पोंग्यात, म्हणजे डोळे फुटताना, पाऊस आला की डाऊनी हा बुरशीरोग, फुलोऱ्यात आला की गळ आणि कूज, मण्यात पाणी उतरल्यावर आला की मणी तडकतात. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट तुमच्या तालुक्याने झेललीय. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाचा अंश सापडला आणि माल नाकारला गेला, तेव्हा ज्याने काही चुकीचं केलं नव्हतं तोही त्यात भरडला गेला. वर व्यापारी गाडी भरून नेतो आणि पुढच्या आठवड्यात फोन बंद. एवढं सगळं माहीत असून या ऑक्टोबरलाही तुम्ही छाटणी घेणार आहात. आणि तिसऱ्या पानावर सहज लिहून गेलात की दोन प्लॉटच्या छाटणीत तुम्ही पंधरा दिवसांचं अंतर ठेवता.

का ठेवता? एका पावसात दोन्ही प्लॉट एकाच अवस्थेत सापडू नयेत म्हणून. तिकडे बागलाणातले लोक पावसाळ्यातच छाटणी घेतात आणि डिसेंबरचा चढा भाव पकडायला बघतात. त्यांना धोका जास्त, पण भावही तसा, आणि तो हिशेब ते समजून घेतात. म्हणजे किती लावायचं, कधी लावायचं, गेलं तर पुढच्या वर्षी उभं कसं राहायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग हीच अक्कल मुलाच्या बाबतीत बाजूला का ठेवता? अर्धा एकर विकून दोन वर्षं एका परीक्षेवर लावणं म्हणजे सगळी बाग एकाच दिवशी छाटणं आहे.

यावर तुम्ही म्हणाल, ताई, सरकारी नोकरीत कसली आलीय रिस्क! हाच गैरसमज मला घरोघरी भेटतो, म्हणून नीट बोलते. नोकरी लागल्यावर ती सुरक्षित असते, मान्य. लागण्यापूर्वीचा रस्ता मात्र आपल्याकडच्या सगळ्यात बेभरवशाच्या रस्त्यांपैकी एक आहे. यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले, पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ जण प्रत्यक्ष बसले आणि अंतिम यादीत नावं आली १,००९. एमपीएससीच्या राज्यसेवेच्या जागा त्याहूनही कमी. वर राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे जुन्या बहुपर्यायी प्रश्नांच्या जोरावर "दोन वर्षांत काढतो" म्हणणाऱ्यांनी पुन्हा विचार करायला हवा. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे. लोकांना ही सवलत वाटते. मला ती भीतीची गोष्ट वाटते, कारण थांबायला कोणी सांगतच नाही. दोनाची चार होतात, चाराची सात. धंदा बुडाला तर बुडालेला दिसतो तरी. परीक्षेत वर्षं जातात तेव्हा गल्लीतले लोक "अभ्यास करतोय" म्हणून कौतुकच करत असतात. हा रस्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला प्रशासनात जायची स्वतःला ओढ आहे त्याने जरूर जावं, पण किती प्रयत्न आणि त्यानंतर काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून. तुमच्या मुलाला ही ओढ असल्याचं पत्रात कुठेही नाही.

गेट, रेल्वेची जेई, महावितरण, सार्वजनिक कंपन्या, हे फॉर्म त्याला नोकरीत राहूनही भरता येतील. त्यावर यापेक्षा जास्त शाई घालवत नाही.

खरं सांगू का? तुम्हाला रिस्कची भीती नाहीये. ती असती तर तुम्ही बाग कधीच काढून टाकली असती. तुम्हाला खुपतंय ते चौथ्या पानावर आहे, "इंजिनिअर होऊन हात काळे करणार, आणि मुलगी कोण देणार?" हे तुम्ही शेवटी लिहिलंत, पण सुरुवात तिथूनच झालीय. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही ही निफाड, दिंडोरी, चांदवडमधली खरी अडचण आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्यावर दोन वर्षांचा क्लास हा उपाय कसा? पंचविसाव्या वर्षी पगार नाही, अर्धा एकर कमी आणि उत्तर "तयारी चालू आहे". मुलीचे बाप हेही मोजतात. आणि हात काळे होण्याचं म्हणाल तर, मेकॅनिकलला प्रवेश घेतला तेव्हा पांढरेच राहतील असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

इथून पुढचं त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझ्या वडिलांनी लिहिलंय की तू त्यांना सुनावलंस, "फाळक्यांनीही विमा गहाण टाकला होता." नाशिककरांना दादासाहेबांचा दाखला द्यायला आवडतं, त्र्यंबकेश्वरात जन्मलेला माणूस, आपलाच. पण अर्धी गोष्ट सांगू नये. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले तेव्हा चाळिशी उलटली होती. त्याआधी चित्रकला, फोटोग्राफी, छपाई यांत त्यांचे हात चांगले तयार झालेले होते. परत आल्यावर थेट मोठा चित्रपट काढायला घेतला नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी फीत केली, भांडवल देऊ शकणाऱ्यांना ती दाखवली आणि मग पैसे उभे राहिले. पहिला चित्रपट ३ मे १९१३ ला लागला. त्यात सरस्वतीबाईंचे दागिने गेले आणि फितीला रात्र रात्र भोकं पाडण्याची त्यांची मेहनतही. म्हणजे पॉलिसी दादासाहेबांची होती, पण धोका दोघांचा होता आणि तो सरस्वतीबाईंना ठाऊक होता. शेवटची वर्षं हलाखीत गेली, १९४४ साली नाशिकमध्येच ते वारले, हेही त्याच गोष्टीत आहे. दाखला द्यायचा तर हे सगळं घेऊन दे.

तुझी वाटाण्याची फीत कुठे आहे?

नोकरी आत्ता सोडू नकोस. छाटण्या सुरू होतायत. सुट्टीचा दिवस आणि शिफ्टनंतरचे तास घे, दुचाकीवर हत्यारांची पिशवी टाक आणि पाच-सहा गावांपुरतं काम कर. डायफ्रॅम, ऑईल सील, नोझल, पीटीओ शाफ्ट, यातलं किती वेळा काय बिघडतं, सुटा भाग पिंपळगावात मिळतो की मागवावा लागतो, एका फेरीला पेट्रोल किती जळतं, हे सगळं वहीत उतरव. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे मागायला शीक. गावात "आपलाच पोरगा आहे, द्राक्ष गेल्यावर देतो" म्हणणारे खूप भेटतील. उधारी किती दिवसांनी वसूल होते, यावर तुझा धंदा टिकणार की नाही ते ठरेल. यंत्रातलं तुला कळतं, याबद्दल मला शंका नाही.

दुसरा प्रश्न फेब्रुवारी-मार्चचा. बागा खाली होतात, ब्लोअर शेडमध्ये जातो. त्या महिन्यांत तुझ्याकडे काय काम? खरड छाटणीपूर्वी, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीआधी, पूर्ण सर्व्हिसिंग करून देण्याचा वार्षिक करार कोणी घेईल का? दहा बागायतदारांनी आगाऊ थोडेसे जरी पैसे दिले तरी समज की तुझ्या कल्पनेत दम आहे. दहांनीही मान डोलावली आणि खिशात हात घातला नाही, तर चार लाख वाचले.

त्या चार लाखांचा आकडा मला मुळातच संशयास्पद वाटतो. त्यात जुनी गाडी किती, हत्यारं किती, सुटे भाग किती? आणि मित्र किती घालणार? पत्रात मित्राबद्दल अक्षर नाही. पैसा तुझा, कष्ट दोघांचे आणि नफा अर्धा अर्धा, असं असेल तर आधी भागीदारीचा करार कर आणि दोघांपैकी एकाला बाहेर पडायचं झालं तर काय, हे त्यात लिही. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. जिल्हा उद्योग केंद्रातही एक चक्कर मार. सातबाऱ्यावर बोजा चढवायचा नाही, एवढं मात्र वडिलांना आजच शब्दाने दे.

आणि तुझी नोकरी पक्की आहे, असंही धरून चालू नकोस. ट्रेनीचा करार कधी संपतो, पुढे कायम करतात की नवीन पोरं घेतात, हे एचआरला सरळ विचार. कदाचित तुझा निम्मा निर्णय तिथेच होईल.

परत तुमच्याकडे येते, भाऊसाहेब. इसार घेतला नसेल तर घेऊ नका. हंगाम होऊ द्या, जानेवारीत मुलाला वही घेऊन समोर बसवा आणि तुम्ही द्राक्षाच्या व्यापाऱ्याला विचारता तसे प्रश्न विचारा. आकडे पटले नाहीत तर नाही म्हणा, तो तुमचा अधिकार आहे. वहिनींच्या जेवणाशी त्याचा संबंध नको.

आणि धाकटीचं काय? चार पानांत तिच्या वाट्याला दोन शब्द आले, "धाकटी बारावीला". विज्ञान आहे की कला, तेही नाही. बाग वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीपासून तिचाही त्यात भावाइतकाच जन्मतः हक्क आहे. म्हणजे तो अर्धा एकर विकताना तुम्ही तिचंही काहीतरी पणाला लावताय, आणि तिला कोणी विचारलेलं दिसत नाही. तिला इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर एक माहिती देते. २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यातून गेलात तर नाही. तुम्ही यांपैकी कोणत्या गटात बसता ते पाहा आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र, जे लागू असेल ते द्राक्षांची गडबड संपली की लगेच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते.