'फॉल' चित्रपटातला टॉवर खरा आहे का? आणि तसं वर अडकलेला माणूस वाचू शकतो का?

चित्रपटातला बी-६७ टॉवर काल्पनिक आहे, पण तेवढ्या उंचीचे टॉवर खरोखर आहेत. कॅलिफोर्नियात वॉलनट ग्रोव्ह इथे २,०४९ फुटांचा टीव्ही टॉवर उभा आहे आणि त्याच्यावरूनच हा बेतलाय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कॉट मान यांच्या या २०२२ सालच्या चित्रपटात बेकी आणि हंटर या मैत्रिणी वाळवंटातल्या, वापरातून काढलेल्या दोन हजार फुटी टॉवरवर चढतात. उतरायला लागतात तेव्हा शिडी तुटते आणि दोघी माथ्यावरच्या छोट्याशा गोल फलाटावर अडकतात. शेवटचं वळण मी सांगणार नाही.

मी मोबाइल टॉवरवर चढून अँटेना बसवायचं काम केलंय. आमचे टॉवर याच्यापुढे अगदीच बुटके, तरीही हा चित्रपट बघताना माझे तळहात ओले झाले. दोन हजार फूट म्हणजे सुमारे ६१० मीटर. हवेचा विरोध जमेस धरला नाही तरी तिथून पडणारी वस्तू जमिनीवर पोचायला अकरा सेकंद लागतात. मोजून बघा, किती लांब वाटतात ते.

पण मला खरी भीती उंचीची वाटली नाही, बोल्टची वाटली. दोघी चढत असताना कॅमेरा मधूनच शिडीच्या जोडावर जातो आणि सैल झालेला, गंजलेला बोल्ट थरथरताना दिसतो. आपल्याला दिसतो, त्यांना दिसत नाही. शिडीचा हा बारीक कंप हाताला कसा कळतो हे चढणाऱ्यालाच ठाऊक. चांगला कामगार तिथेच थांबतो आणि खाली उतरतो. शिवाय आमच्यात दोन लॅनयार्ड, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला जोडलेले हुकवाले दोर, वापरायचा नियम असतो. एक हुक वर अडकवल्याशिवाय दुसरा काढायचाच नाही, म्हणजे टॉवरपासून तुम्ही क्षणभरही सुटे नसता. त्या दोघी एकमेकींना दोराने बांधून घेतात. शिडी कोसळते तेव्हा बेकी त्याच दोरामुळे वाचते, हे कबूल. पण वरची घसरली असती तर तिने दुसरीलाही सोबत नेलं असतं.

चित्रीकरणाचं मला फार कौतुक वाटतं. मोहावी वाळवंटात डोंगराच्या कड्यावर टॉवरचा फक्त वरचा भाग, साधारण शंभर फूट, उभारला होता. बेकी झालेली ग्रेस कॅरोलाइन करी आणि हंटर झालेली व्हर्जिनिया गार्डनर यांच्या मागे जी खोल दरी दिसते ती खरी आहे, खरं ऊन आहे, केस उडवणारा वाराही खराच. स्टुडिओत पडद्यासमोर हे साधलं नसतं.

आता वाचण्याबद्दल. वर मोबाइलला रेंज मिळत नाही, हे अनेकांना खोटं वाटतं. उलट ते पटण्यासारखं आहे. मोबाइल अँटेनाचं तोंड किंचित जमिनीकडे झुकवलेलं असतं, आम्ही त्याला टिल्ट म्हणतो, कारण फोन वापरणारी माणसं खाली असतात. टॉवरच्या डोक्यावर बसलेल्याचा विचार कुणी केलेला नसतो. बुटात मोजे कोंबून त्यात फोन घालून खाली टाकायची त्यांची कल्पनाही वेडगळ नाही. फोन फुटला तरी त्याआधी, खाली येताना, रेंज मिळून निरोप जाण्याची शक्यता उरतेच.

त्यांचं सगळ्यात मोठं नशीब म्हणजे बसायला जागा होती. हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाभोवती बांधलेल्या सुरक्षा पट्ट्यांत, हालचाल न करता लटकून राहिलं की पायांत रक्त साचतं, आणि अर्ध्या तासाच्या आतही शुद्ध हरपू शकते. म्हणून लटकलेल्या माणसाची सुटका मिनिटांत व्हावी लागते. फलाटावर बसलेल्याचा खरा शत्रू तहान. पाण्याविना माणूस साधारण तीन दिवस काढतो, वाळवंटातल्या उन्हात त्याहूनही कमी. त्यात झोप नाही, कारण डुलकी लागली की तोल गेलाच. दोराने स्वतःला खांबाशी बांधून आळीपाळीने झोपणं हाच उपाय.

चित्रपटात जखमी बेकीवर गिधाड हल्ला करतं, ते मात्र मला ताणलेलं वाटलं. टर्की गिधाडाचं नाक तिखट असतं, रक्ताळलेल्या पायाच्या वासाने ते जवळ येईल, घिरट्याही घालेल. पण जाग्या असलेल्या, हात हलवणाऱ्या माणसाला ते सहसा टोचत नाही.

एक गोष्ट सगळ्या हिशेबाला पुरून उरते: त्या कुठे जाताहेत हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ६१० मीटरवरून क्षितिज जवळजवळ ८८ किलोमीटर लांब असतं. एवढ्या वर्तुळात शोधणारा नक्की कुठून सुरुवात करणार? निघताना बेकीने वडिलांना टॉवरचं ठिकाण आणि परतायची वेळ कळवली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच कुणीतरी खाली उभं असतं.

तुम्हाला उंचीची भीती असेल तर पहिल्यांदा छोट्या पडद्यावर, दिवसा बघा. नसेल तर मिळेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा.