जावा ३५० घ्यावी की रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०?

रोजच्या वापराला या दोन मोटरसायकलींपैकी कोणती, असं विचारलंय. आधी घराजवळचं सर्व्हिस सेंटर बघा. २०१८ मध्ये परतलेल्या जावाचं जाळं रॉयल एनफिल्डपेक्षा बरंच विरळ आहे. साधी क्लचकेबल गावात मिळाली नाही की गाडी उभी राहते.

जावाचं ३३४ सीसी इंजिन लिक्विड-कूल्ड (द्रवाने थंड होणारं), सहा गिअरचं. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, साधारण २८ न्यूटन-मीटर, पण ५,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). क्लासिकचा २७, तोही ४,०००लाच, त्यामुळे घाटात गिअर कमी वेळा पाडावा लागतो.

जावाच घेतलीत तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी इंजिन थंड असतानाच बघा. रेडिएटरच्या पात्यांतला चिखल हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात, हवा अडते आणि इंजिन तापतं.