कोल्हापुरात ४० खाटांचं हॉस्पिटल काढतोय. मजल्यावर एकच नर्सिंग स्टेशन ठेवावं की खोल्यांजवळ छोटी छोटी? सगळं कॉम्प्युटरवर असेल तर स्टाफला एकमेकांशी बोलायची गरज किती उरते?

एकच ठेवा, मजल्याच्या मधोमध, आणि त्याला काच लावू नका.

"बोलायची गरज किती उरते" हे वाचलं म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य आमच्या ॲडमिन साहेबांनी मला मीटिंगमध्ये ऐकवलं होतं, आणि तेव्हा मला पुरतं बोलू दिलं गेलं नाही.

मी इथेच एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. आमचं जुनं स्टेशन म्हणजे एक लांब टेबल, मागे औषधांचं कपाट, भिंतीवर पांढरा बोर्ड. पण तिथून दोन्ही बाजूंचे दरवाजे दिसायचे. डॉक्टर राउंड संपवून टेबलाशी बोलायला लागले की सलाईन भरणाऱ्या मुलीच्याही कानावर सगळं पडायचं. तीसेक खाटा एका सिस्टरच्या नजरेत राहाव्यात असा वॉर्ड फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्येच मांडला होता. नवीन विंग झाली तेव्हा छातीएवढा ग्रॅनाइटचा काउंटर आला, त्यावर काच, आणि कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना एकेक कॉम्प्युटर. सिस्टर पेशंटजवळ राहतील, पायपीट वाचेल, असं सांगितलं. पायपीट वाचली, ते खरं. पण टोकाला बसलेली नवी मुलगी एकटी पडली. पूर्वी ती जागेवरूनच औषधाची ॲम्प्युल वर धरून "ताई, हेच ना?" विचारायची. आता त्यासाठी कॉरिडॉरभर चालत यावं लागतं. मग ती येत नाही, स्वतःच ठरवते.

खुब्याच्या फ्रॅक्चरच्या एक आजी होत्या. सकाळी आठला ऑपरेशन, कमरेत भूल देऊन. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून रोज रात्री दहाला एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन चालू होतं. हा डोस लहान असला तरी मणक्यात सुई घालण्याआधी किमान १२ तास बंद लागतो, नाहीतर आत रक्त साकळून पायांतली ताकद कायमची जाऊ शकते. सर्जननी आदल्या रात्री साडेआठला घरून सिस्टीममध्ये तो बंद केला. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं, मात्र आठलाच झाली होती आणि टोकाच्या मुलीने तेव्हाची यादी छापून ट्रॉलीवर लावली होती. मधल्या काउंटरच्या स्क्रीनवर ऑर्डर लाल झाली, पण त्या स्क्रीनसमोर कोणीच नव्हतं. सगळ्या आपापल्या टोकाला. सिरिंज घेऊन मुलगी खोलीत शिरली तेव्हा आमच्या मावशी आजींचा तांब्या उचलून ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, "सकाळी लवकर न्यायचंय म्हणं आजीला. पानीबी बंद करायला सांगितलंय. आन् ही सुई चालतीया व्हय?" मुलगी थांबली, मला फोन केला, मी स्क्रीन उघडली. ते इंजेक्शन दिलं गेलं नाही ते त्या मावशींमुळे.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "ऑर्डर सिस्टीममध्ये होती, बघायचं काम स्टाफचं." मुलीला मेमो निघाला. मी त्यावर सही केली नाही. पुढे मेमो मागे घेतला, पण साहेबांचं मत बदललं नाही. माझंही नाही. बंद केलेली किंवा बदललेली ऑर्डर डॉक्टरांनी फोन करून सांगितलीच पाहिजे, आणि सिस्टरने ती लिहून त्यांना परत वाचून दाखवलीच पाहिजे. तोंडी ऑर्डर परत वाचून दाखवा हे हॉस्पिटलांना मानांकन देणारं एनएबीएचसुद्धा सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे ९ उपाय सांगितले, त्यात ओव्हर देताना होणारं बोलणं आहेच.

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, डिझेल मिळेना, जनरेटर ओटी आणि आयसीयूसाठी राखलेला. वॉर्डातले कॉम्प्युटर बंद. आम्ही सगळ्या जुन्या टेबलाशी आलो. बोर्डावर खाटेचा नंबर, कोण उपाशी, कुणाचं काय बंद, एवढं लिहिलं आणि वॉर्ड चालवला. त्या दिवसांत कुणाचा एक डोस चुकला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

कॉम्प्युटर नकोत असं मात्र समजू नका. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात आमचा केवढा वेळ जायचा! आयसीयूचंही वेगळं, तिथे सिस्टर आणि स्क्रीन दोन्ही खाटेजवळच हवीत. स्वतंत्र खोल्यांचा लांब मजला असेल तर टोकाला लिहिण्यापुरतं टेबल द्या, पण कोणाची कायमची जागा तिथे करू नका. उघड्या स्टेशनवर गोंगाट होतो, नातेवाईक सारखे विचारायला येतात, म्हणून इंजेक्शन भरायला मागे दार असलेली छोटी खोली ठेवा. बोर्डावर पेशंटचं नाव किंवा आजार लिहू नका, खाटेचा नंबर पुरे. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डर घ्यायची नाही हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. अंगठा कोणी दाखवला आणि औषध कोणी द्यायचं, याचा रात्री पत्ता लागत नाही.

काच काढली तर लॉबीचा लुक जातो असं आर्किटेक्ट म्हणेल. आमच्याकडे म्हणाला होता, काच अजून तशीच आहे. तुमचं अजून बांधून झालेलं नाही, तेव्हा नकाशातच काउंटर टेबलाच्या उंचीवर आणा, आणि ओव्हरच्या वेळी मावशी-मामांनाही तिथे उभं करा.